जन्मतारीख कोणी ठरवावी?

कोल्हापुरातील एखाद्या मध्यमवर्गीय घरी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की, पूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायका दिवस मोजीत. 'आज-उद्या' म्हणता म्हणता आठवडा जाई, रात्री-अपरात्री कळा सुरू होत, रिक्षासाठी धावपळ होई आणि पहाटे केव्हातरी पेढ्यांची आठवण होई. आता अशा अनेक घरांतील दिनदर्शिकेवर एका तारखेभोवती वर्तुळ काढलेले दिसते. गुरुवार, सकाळी दहा वाजता. जावयाने रजेचा अर्ज आधीच दिलेला असतो, खोलीची आगाऊ रक्कम भरलेली असते आणि कित्येकदा पंचांगही पाहून झालेले असते. बाळ अजून यायचे असते. त्याची जन्मतारीख मात्र ठरून गेलेली असते.

शस्त्रक्रिया पार पडली की नातेवाइकांना निरोप जातो, "तिचे सीझर झाले." या छोट्या वाक्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. अपघात होतो, उशीर होतो, तसे आपल्या बोलण्यात सीझरही 'होते'. ते कोणी ठरविले, कोणत्या कारणासाठी ठरविले आणि जिच्या पोटावर सुरी चालली तिला दुसरा मार्ग दाखविला होता काय, या प्रश्नांना त्या वाक्यात जागाच नाही. नियोजित सिझेरियनचा आजचा प्रश्न नेमका या न विचारलेल्या प्रश्नांत आहे. शस्त्रक्रिया चांगली की वाईट, हा वाद निष्फळ आहे. तारीख ठरविणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे आणि ते कारण त्या स्त्रीला समजले पाहिजे, एवढीच खरी मागणी आहे.

वरदानाचे विस्मरण नको

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. सिझेरियन हे स्त्रीजातीला आधुनिक वैद्यकाने दिलेले मोठे वरदान आहे आणि कोल्हापूरला याचे विस्मरण होणे शोभणारे नाही. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर केली होती. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'सीपीआर' आहे. आनंदीबाईंना वैद्यकाकडे नेणारे दुःख बाळंतपणाचेच होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंधही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरचा पदभार घेणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापुरात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचे काम वाहिले.

त्या काळात मूल आडवे आले किंवा वार खाली सरकून गर्भाशयाचे तोंड अडवून बसली, तर घरच्यांच्या हाती देवाचा धावा करण्यापलीकडे फारसे काही नसे. आज अशा प्रसंगी आधी तारीख ठरवून केलेली शस्त्रक्रिया आई आणि बाळ या दोघांचेही प्राण वाचविते. सोनोग्राफीत वार खाली असल्याचे दिसत असताना कळांची वाट पाहणे हे धैर्य नव्हे, तो निष्काळजीपणा होय. 'पायाळू' मुलाविषयी आपल्या खेड्यांत कितीतरी समजुती आहेत. असे मूल उपजणे पूर्वी आईच्या जिवावर बेतणारे ठरे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर, पायाकडून येणाऱ्या बाळासाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित, असे मत जगभर रूढ झाले. आधीच्या शस्त्रक्रियांचे व्रण, काही प्रकारची जुळी, आईचे काही गंभीर आजार अशी आणखीही कारणे आहेत. तेव्हा कोणा सुनेचे सीझर ठरले म्हणून 'आमच्या वेळी नव्हते हो असले काही' असे म्हणणाऱ्यांनी आपल्या वेळी किती बाळंतिणी घरी परतल्या नाहीत, हेही आठवावे.

आकडे काय सांगतात?

परंतु वरदान गरजेपुरते घेतले तरच वरदान राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ९ टक्के बाळे सिझेरियनने जन्माला आली. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन पाहण्यांमध्ये ते २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे आपल्या राज्यात दर चार बाळांपैकी एक बाळ शस्त्रक्रियेने जन्मते.

या वाढीचा काही भाग स्वागतार्ह आहे. घरी होणारी बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, तेव्हा ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती त्यांना ती मिळू लागली. पण हे स्पष्टीकरण पुरेसे नाही, हे त्याच पाहणीतील दुसऱ्या एका आकड्यावरून दिसते. २०१९-२१ मध्ये देशातील सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. खासगी रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रियांचे वय, त्यांची सांपत्तिक स्थिती व पहिलटकरणींचे प्रमाण वेगळे असते, हे मान्य केले तरी या दरीचा उलगडा होत नाही. कारण गुंतागुंत झालेल्या गरीब स्त्रिया तर अखेरीस सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतच पाठविल्या जातात. अडचणीच्या प्रसूतींचे ओझे जेथे अधिक, तेथे शस्त्रक्रिया कमी, हे कोडे केवळ शरीरशास्त्राने सुटणारे नाही. राज्याराज्यांतील अंतरही असेच बोलके आहे. त्याच पाहणीत तेलंगणात हे प्रमाण ६०.७ टक्के आढळले, तर नागालँडमध्ये ५.२ टक्के. तेलंगणातील स्त्रियांच्या शरीराची घडण नागालँडमधील स्त्रियांपेक्षा बारा पटींनी निराळी असेल, असे कोणीही म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे भरलेल्या बैठकीनंतर १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते. २०१५ मध्ये संघटनेने अधिक समंजस भूमिका घेतली. एखादा ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा ज्या स्त्रीला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळावी, याला तिने महत्त्व दिले. पण लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटल्याचे आढळत नाही, हेही तिने त्याच वेळी नमूद केले.

बाजाराचे गणित

मग उरलेल्या शस्त्रक्रिया कशासाठी होतात? 'डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात' हे कट्ट्यावरचे उत्तर सोपे आहे; म्हणूनच ते अपुरे आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याचे विवेचन केले आहे. भाजी घेणारा वांगी दाबून पाहू शकतो. रुग्ण उपचार दाबून पाहू शकत नाही. काय हवे हे सांगणारा आणि ते विकणारा येथे एकच असतो. अशा बाजारात विकणाऱ्याची सचोटी हाच ग्राहकाचा मुख्य आधार असतो आणि ज्या व्यवस्थेत त्याला काम करावे लागते ती व्यवस्था त्या सचोटीवर सतत ताण देत असते.

हा ताण समजून घेण्यासाठी शहरातील एखादे दहा खाटांचे प्रसूतिगृह डोळ्यांपुढे आणावे. तेथे प्रसूतितज्ज्ञ एकच. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो आणि तो एकाच दिवशी चार ठिकाणी धावत असतो. रक्त रक्तपेढीतून आणावयाचे. पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तासही चालतात. त्या अवधीत बाळाचे ठोके वारंवार पाहावे लागतात, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांची समजूत घालावी लागते आणि मध्यरात्री अचानक शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. याउलट नियोजित शस्त्रक्रिया तासाभरात, दिवसाउजेडी, सर्व माणसे हजर असताना पार पडते. शुल्काचे म्हणावे, तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत खासगी रुग्णालयातील सिझेरियनचा सरासरी खर्च नैसर्गिक प्रसूतीच्या दुपटीहून अधिक आढळला. रात्रभर जागण्याला कमी मोबदला आणि तासाभराच्या कामाला दुप्पट, असे दर ज्या बाजाराने ठरविले, त्या बाजारात तासाभराचे काम वाढले तर आश्चर्य ते कसले?

त्यात भीतीची भर पडते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, हे रुग्णांच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु 'सीझर का केले?' म्हणून डॉक्टरला क्वचितच कोणी न्यायालयात खेचतो; 'सीझर का केले नाही?' म्हणून मात्र खेचतो. बाळ दगावले तर रुग्णालयाच्या काचा फुटतात. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या भीतीची कल्पना येईल. थोडक्यात, वाट पाहणाऱ्या डॉक्टरला पैसा कमी, झोप कमी आणि धोका अधिक. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तिन्ही बाबतींत सोय. सज्जन डॉक्टरही या उतारावरून हळूहळू घसरत जातो आणि घसरतो आहोत हे त्याच्याही लक्षात येत नाही.

मागणी नेमकी कोणाची?

याला डॉक्टर मंडळींचे एक उत्तर असते आणि ते खोटे नाही. आजकाल स्त्रिया स्वतःच सीझर मागतात, असे ते म्हणतात. नोकरी करणाऱ्या, पहिले मूल तिशीच्या आसपास होणाऱ्या, बहुधा एक किंवा दोनच मुले हवी असलेल्या शिक्षित स्त्रीला कळांची भीती वाटते आणि ती शस्त्रक्रियेचा आग्रह धरते. ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वेदना सोसल्याखेरीज आईपण येत नाही, हा उपदेश बहुधा ज्यांना त्या कधीच सोसाव्या लागणार नाहीत त्यांच्याच तोंडी असतो. पूर्ण माहिती घेऊन एखाद्या स्त्रीने शस्त्रक्रिया निवडली, तर तो तिचा अधिकार मानला पाहिजे.

परंतु निवड ही समोर ठेवलेल्या पर्यायांमधूनच होते. आपल्या बहुतेक प्रसूतिकक्षांत पडद्याची सोय नसते, सोबतीला आई किंवा नवरा थांबू शकत नाही, कळा कमी करणारी भूल क्वचितच मिळते आणि ओरडणाऱ्या बाईला धीर मिळण्याऐवजी दरडावणी मिळते. अशी नैसर्गिक प्रसूती एका बाजूला आणि शांत, स्वच्छ, वेळेवर होणारी शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला ठेवली, तर कोणतीही शहाणी स्त्री दुसरीच निवडील. ही मागणी सीझरची नसून माणुसकीच्या वागणुकीची आहे. ती वागणूक शस्त्रक्रियागृहातच विकत मिळत असल्यामुळे तिला सीझरचे नाव पडले आहे.

मुहूर्ताची मागणी याहून वेगळी. २२ जानेवारी २०२४ रोजी, अयोध्येतील मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीच आपली प्रसूती व्हावी, अशी विनंती कानपूरमधील अनेक गरोदर स्त्रियांनी केल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडेही नक्षत्र पाहून वेळ मागणारे पालक नवे नाहीत. पत्रिका शास्त्र आहे की नाही, हा वाद येथे बाजूला ठेवू. पण ज्यांची पत्रिकेवर श्रद्धा आहे, त्यांनी तरी जन्मवेळ देवाच्या हातून काढून घड्याळाच्या हाती द्यावी, हे त्यांच्याच श्रद्धेशी कितपत सुसंगत आहे?

यात खरी किंमत बाळ मोजते. वैद्यकीय कारण नसताना करावयाची नियोजित शस्त्रक्रिया ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी करू नये, असे आज प्रसूतिशास्त्र सांगते. कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. शुभ दिवस ३७ व्या आठवड्यात सापडला म्हणून बाळाची फुप्फुसे त्या दिवसासाठी घाई करीत नाहीत. आईच्या बाबतीत रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचे धोके तर आहेतच, पण मोठा हिशेब पुढच्या गरोदरपणी पुढे येतो. जुन्या व्रणावर वार रुतून बसणे ही अत्यंत घातक अवस्था आहे आणि प्रत्येक सिझेरियनबरोबर तिची शक्यता वाढते. पहिल्या सीझरनंतरही अनेक स्त्रियांची पुढची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. पण त्यासाठी चोवीस तासांची सज्जता लागते आणि ती नसल्याने बहुतेकींच्या वाट्याला पुन्हा शस्त्रक्रियाच येते. पहिल्या वेळी घेतलेला निर्णय हा खरे तर दोन बाळंतपणांचा निर्णय असतो, ही गोष्ट किती जणींना सांगितली जाते?

एकीला अजीर्ण, दुसरीला उपवास

या प्रश्नाची दुसरी बाजू शहराबाहेर पडल्यावर दिसते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर, पावसाळ्याच्या रात्री अडलेल्या बाईसाठी तारीख ठरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जवळच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे काय आणि नसेल तर कोल्हापूर किती तासांवर आहे, हाच तिचा प्रश्न असतो. दर हंगामात बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून आपल्या साखर कारखान्यांच्या फडांत येणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रियांची अवस्था तर याहून बिकट आहे. पोटुशी बाई शेवटच्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलते, कारण खाडा पडला तर उचल फिटत नाही. तिची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात, ती स्वतः कोल्हापूरच्या फडात आणि तिचे कागदपत्र दोन्हीकडे नाहीत. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती व सिझेरियन मोफत आहे. पण हक्क कागदावर असणे आणि रात्री दोन वाजता शस्त्रक्रियागृहाचा दिवा लागणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एकाच जिल्ह्यात काही स्त्रियांना गरज नसताना शस्त्रक्रिया मिळते आणि काहींना गरज असताना ती मिळत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात साधनांच्या अपव्ययाचे उदाहरण द्यावयाचे झाले, तर याहून चांगले सापडणे कठीण. जो भूलतज्ज्ञ शहरात दिवसाला चार नियोजित शस्त्रक्रियांना पुरतो, तो तालुक्याच्या रुग्णालयात एकाही रात्री सापडत नाही.

उपाय कोणते?

पहिला उपाय माहितीचा. मुंबईतील एका महिलेने सुरू केलेल्या मोहिमेनंतर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना सिझेरियन व नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण दर्शनी भागात लावण्याची सूचना देण्यात आली. ही सूचना प्रत्येक प्रसूतिगृहाला लागू झाली पाहिजे. मात्र केवळ एकूण आकडा फसवा ठरेल, कारण अवघड प्रसूती स्वीकारणाऱ्या रुग्णालयाचा आकडा साहजिकच मोठा असणार. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केलेली रॉब्सन यांची दहा गटांची वर्गवारी वापरावी. पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, बाळ एकच, डोके खाली आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा साध्या गटातही जेथे निम्म्या शस्त्रक्रिया होतात, तेथे खुलासा मागण्याचा अधिकार समाजाला आहे. निम्म्याहून अधिक बाळे सिझेरियनने जन्मणाऱ्या ब्राझीलनेही २०१५ मध्ये खासगी विमा क्षेत्रासाठी असा नियम केला. मागणी करणाऱ्या स्त्रीला डॉक्टरचे व रुग्णालयाचे सिझेरियनचे प्रमाण कळविणे तेथे बंधनकारक झाले.

दुसरा उपाय मोबदल्याचा. प्रसूती कोणत्याही मार्गाने झाली तरी डॉक्टरचे शुल्क समान ठेवावे आणि विमा कंपन्यांनी सीझरला अधिक व नैसर्गिक प्रसूतीला कमी ही तफावत मिटवावी. जागरणाला किंमत मिळाली तर जागणारे मिळतील. तिसरा उपाय माणसांचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रशिक्षित परिचारिका-सुईणींच्या सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तासन्‌तास शेजारी बसून धीर देणे व धोक्याची खूण दिसताच डॉक्टरला बोलावणे, हे काम अशा सुईणी अनेक प्रगत देशांत उत्तम रीतीने करतात. आपल्याकडे ही तत्त्वे प्रत्येक तालुक्याच्या प्रसूतिकक्षापर्यंत पोचावयास हवीत. त्याबरोबरच तालुका व उपजिल्हा रुग्णालयांत रात्री भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असेल, याची हमी शासनाने दिली पाहिजे.

चौथा उपाय सुशिक्षित कुटुंबांच्या हाती आहे आणि त्याला पैसा लागत नाही. तारीख दिली गेली की तीन प्रश्न विचारावेत: कारण काय? वाट पाहिली तर धोका कोणता? आणि पुढच्या बाळंतपणावर याचा परिणाम काय होईल? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजावून दिल्याखेरीज घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही. मुख्य म्हणजे हे प्रश्न त्या स्त्रीसमोर, तिच्याशी बोलून विचारावेत. आज संमतीपत्रावर सही तिची असते, पण चर्चा बाहेरच्या बाकावर सासरे, वडील व नवरा यांच्यात झालेली असते. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट निर्णयाची जबाबदारी वाटून घेणारे कुटुंब त्यालाही हवेच असते.

आनंदीबाईंना ज्या रुग्णालयात यावयाचे होते, तेथे त्या पोचू शकल्या नाहीत. त्यांचे बाळ गेले तेव्हा उपचारच उपलब्ध नव्हते. आज उपचार आहेत, पण त्यांचे वाटप गरजेने होत नाही, सोयीने होते. ज्या शहराने सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी स्त्रियांच्या वॉर्डावर स्त्री डॉक्टर नेमण्याचा निर्णय घेतला, त्या शहरात बाळंतिणीला तिच्या शस्त्रक्रियेचे कारण समजावे, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही. ज्या दिवशी कोल्हापूरची लेक 'माझे सीझर झाले' असे न म्हणता 'या कारणासाठी आम्ही सीझर करून घेतले' असे सांगू शकेल, त्या दिवशी दिनदर्शिकेवरच्या त्या वर्तुळाविषयी कोणालाही आक्षेप राहणार नाही.